विषय : बाबा कामावर

मी मूळची नागपूरची. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा माझ्याजवळ चित्रकला शिक्षकाचं प्रमाणपत्र होतं, तीन चांगले ब्रश होते आणि सासरच्यांच्या मते गरजेपेक्षा जास्त लांब जीभ होती. नवरा रेल्वेच्या ऑफिसात. जबलपुरातल्याच गोरखपूर भागात, बाजारामागे दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. तिथून मी रोज सायकल हाणत संरक्षण खात्याच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत चित्रकला शिकवायला जात असे. शाळेत सगळे मला ‘बहनजी’ म्हणत. फक्त मराठी पालक भेटले की ‘बाई’ म्हणत, आणि ते ऐकून मला दोन मिनिटं माहेरी गेल्यासारखं वाटे.

चित्रकलेचा तास म्हणजे बाकीच्या मास्तरांच्या लेखी फुकटचा तास. गणित मागे पडलं की चित्रकलेचा तास घ्या, कवायत राहिली की चित्रकलेचा तास घ्या. पहिल्याच महिन्यात मी भांडून माझे तास परत मिळवले. मुख्याध्यापिका शांत स्वभावाच्या होत्या. त्यांना भांडण नको असे, मला ते चालत असे, त्यामुळे आमचं बरं जमलं.

सहावीच्या वर्गाला कोरा कागद दिला की चाळीसही मुलं एकच चित्र काढत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, झोपडीपुढे नदी आणि नदीत बदक. जबलपूरची पोरं ही! नर्मदा यांच्या दाराशी, आणि नदी काढायची ती पायजम्याच्या नाडीसारखी. मी चिडून विचारायची, “तुमच्या नदीत बदकं कुणी आणून सोडली?” पोरं खाली मान घालून हसायची आणि पुन्हा बदकच काढायची. शेवटी मी त्यांना वर्गाबाहेर नेलं. शाळेमागे मोठाले काळे खडक होते. एकेका खडकासमोर चार-चार मुलं बसवली आणि बजावलं, अर्धा तास नुसतं बघायचं, पेन्सिलीला हात लावायचा नाही. आधी चुळबुळ झाली, मग चिमटे काढून झाले, मग सगळी शांत झाली. थोड्या वेळाने एक पोरगा ओरडला, “बहनजी, ये तो काला है ही नहीं!” त्या खडकात त्याला जांभळा, तपकिरी आणि थोडा हिरवा दिसला होता. त्या एका वाक्यावर माझा आख्खा आठवडा छान गेला. ती वर्षं माझ्या सुखाची होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर एक मराठी मुलगी बसायची. घराणं मूळचं वर्ध्याकडचं, वडील कारखान्यात मशीनवर. दोन वेण्या, बारीक अंग, आणि काम कधीच वेळेत पुरं नाही. मी विषय सांगून संपायच्या आत बाकीच्यांचे डोंगर उभे राहत आणि ही आपली बघतच बसलेली. पहिल्यांदा मी तिला चांगलं झापलं, “काहून बसून राहिली ग?” तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत तिने व्हरांड्यातला पाण्याचा माठ काढला. असा काढला की चपराशी तो रोज कोणत्या बाजूने कलवतो, ते कळावं. त्यानंतर मी तिला कधी घाई केली नाही. दुसऱ्या कुणाला तसं सोडलं नसतं, पण तिला सोडलं.

मग लढाईचे दिवस आले. कारखान्याचा भोंगा वेळीअवेळी वाजू लागला. पुरुषमाणसं ओव्हरटाइमला जुंपली गेली. मुलं डोळे चोळत दाराशी येईपर्यंत वडील सायकलवर बसून निघालेले असत आणि परत येत तेव्हा मुलांची जेवणं होऊन गेलेली असत. रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून वसाहतीतल्या सगळ्या काचांना काळा कागद लावायचा हुकूम निघाला. शाळेच्या काचा अर्थातच चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात पडल्या. कागद रंगवण्यात माझा वर्षभराचा काळा रंग दोन दिवसांत संपला. मग आम्ही कंदिलाची काजळी आणि पिठाची खळ कालवून रंग केला. पोरं कोपरापर्यंत काळी झाली, सगळ्या शाळेला आमचा हेवा वाटला. चार दिवसांनी खळीच्या वासाने झुरळं आली आणि कागदाला भोकं पाडून गेली, ती आम्ही पुन्हा बुजवली. कागद नीट आहेत का ते बघायला कारखान्याचे सुरक्षा अधिकारी येणार होते. फौजेतून निवृत्त झालेला उंच, ताठ माणूस. मुलं त्यांना लांबून बघूनच ओळीत उभी राहत.

त्या दिवसांत वर्गातल्या मुलांची बदकं गेली आणि विमानं आली. ज्याच्या-त्याच्या कागदावर विमान, रणगाडा आणि आगीचा लोळ. रणगाडा यांनी जवळून पाहिलेला नव्हता. न पाहिलेलं काढायचं नाही, हा माझा हट्ट. म्हणून एका शनिवारी मी फळ्यावर विषय लिहिला, ‘बाबा कामावर’. मला वाटलं, यापेक्षा जवळचं काय असणार?

तासाच्या शेवटी कागद गोळा केले आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांनी फाटक काढलं होतं. दोन खांब, एक भिंत, मिशीवाला पहारेकरी, आणि पाठमोरा एक माणूस सायकलवरून आत चाललेला. हँडलला डबा. चाळीस कागद, चाळीस फाटकं.

“फाटक कुणी सांगितलं होतं? आत काय करतात ते काढा ना!”

एका मुलाने हळूच म्हटलं, “बहनजी, अंदर का तो किसी को पता नहीं।”

“पता नहीं तो पूछो! घर जाओ, अपने बाबा से पूछो, और सोमवार को अंदर का चित्र लेकर आओ।”

आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. आमच्या घरी नवरा जेवायला बसला की कोणती मालगाडी कुठे अडकली आणि कोणत्या साहेबाने कुणाला काय झापलं, ते सगळं भाजीआधी वाढलं जाई. सगळीच घरं अशी असतात, असं मी धरून चालले होते. कारखान्याच्या घरांची रीत निराळी. तिथल्या मुलाला विचारा, वडील काय करतात? “फॅक्टरी में हैं।” पुढे अवाक्षर नाही. तिथल्या बायका नवऱ्याला विचारत नसत आणि नवरे शेजारच्या खात्यातल्या भावाशीही बोलत नसत. मला हे कुणी सांगितलं नाही, कारण न सांगणं हीच तर रीत होती. आणि मी, ऐन लढाईत, चाळीस मुलांना घरोघरी चौकशी करायला धाडलं.

सोमवारी बहुतेक मुलं रिकाम्या हाताने आली. एकाने थोबाडीत खाल्ली होती. एका आईने चिठ्ठी पाठवली होती, “बहनजी, कृपया कोई दूसरा विषय दीजिए।” माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी वर्गासमोर म्हटलं, चूक माझी, विषय इथेच संपला. आणि भरपाई म्हणून सगळी फाटकं भिंतीवर लावायला घेतली. लावता लावता नीट पाहिली तर एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. कुणाच्या वडिलांचा डावा खांदा उतरलेला, कुणाच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ, कुणाचा गुडघा सायकलबाहेर पडणारा. या मुलांना वडिलांची पाठच काय ती रोज दिसत होती, आणि ती त्यांना पाठ होती. मी उगाच त्यांच्यावर ओरडले होते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पोरं लाजली.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने मात्र आपला कागद गुपचूप माझ्या टेबलावर ठेवला. तिने आतलं काढलं होतं. एक माणूस, त्याच्यासमोर मशीन, उजव्या बाजूला वस्तू रचलेल्या, डाव्या बाजूला तयार झालेल्या. माणसाचा एक हात दांड्यावर, दुसरा चाकावर, आणि मान अशी कलती की डोळा कुठे लागला आहे ते दिसावं. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त त्या खांद्यांवरचा भार दिसला. सकाळीच शहाणपण शिकलेल्या बाईने तो कागद त्याच वेळी फाडून टाकायला हवा होता. पण चित्र चांगलं असलं की माझी अक्कल रजेवर जाते. मी त्याच्यावर लाल शाईने ‘उत्तम’ लिहिलं आणि भिंतीच्या मधोमध लावलं.

चार दिवसांनी सुरक्षा अधिकारी काचा तपासायला आले. एकेक कागद बोटाने दाबून पाहिला, भोकं नाहीत म्हणून मान डोलावली आणि जायला वळले. वळले ते थांबलेच. खिशातून चष्मा काढला. बराच वेळ पाहिलं. मग चार टाचण्या एकेक करून काढल्या, चित्र आपल्या फायलीत ठेवलं आणि मला विचारलं, “किसकी बच्ची है?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचा पास फाटकावर काढून घेतला गेला. आतली गोष्ट बाहेर सांगितल्याचा संशय. ओव्हरटाइमच्या त्या दिवसांत धडधाकट माणूस सकाळी साडेआठला सायकल हातात धरून घरी परतला, तेव्हाच वसाहतीने काय समजायचं ते समजून घेतलं. नोकरी जाणार हे तर होतंच. नोकरीवर भागलं तर नशीब, असं लोक म्हणत होते. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, क्वार्टर गेलं की गाव सुटणार.

मुलगी शाळेत आली. रडत नव्हती. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि घरच्या मराठीत म्हणाली, “बहनजी, माझ्यामुळे बाबा घरी बसून राहिले का?”

“तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे.” हे मी तिचं समाधान करायला म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं. “मला एक सांग बाळा, बाबांनी सांगितलं का तुला?”

“नाही. मी विचारलंच नाही. विचारलं तर आई रागावते.”

“मग?”

“ते रेडिओ ऐकत बसतात ना, तेव्हा त्यांचे हात काम करून राहतात. त्यांना माहीत नसते.” आणि तिने मला दाखवलं. उजवीकडून दोन्ही हातांनी काहीतरी उचललं. जड असणार, कारण तिचे खांदे खाली गेले. समोर बसवलं. डावा हात खाली ओढला. उजवा हळूहळू फिरवला. मग ते काढलं, अंगठा कडेवरून गोल फिरवून पाहिला आणि डावीकडे ठेवलं. “रोज पाहून पाहून मला समजलं, समोर काय असंल ते.”

खडकासमोर बसवून अर्धा तास बघायला मीच शिकवलं होतं.

मी तडक मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हटलं, सुरक्षेच्या साहेबांना बोलवा. त्या म्हणाल्या, “चुप रहिए, बात बढ़ जाएगी।” मी म्हटलं, “आणखी किती वाढायची राहिली?” त्यांनी फोन उचलला. आयुष्यभर भांडण टाळलेल्या बाईंनी त्या दिवशी भांडण घरी बोलावलं, त्याबद्दल मी त्यांना मनातून नमस्कार केला.

दुपारी अधिकारी आले. सोबत कारखान्यातले एक म्हातारे फोरमन होते, पिकल्या मिशांचे, पान खाणारे. चित्र किती बरोबर आहे ते सांगायला त्यांना आणलं होतं. त्यांनी चित्र पाहिलं आणि “हूं” एवढंच म्हणाले. त्या ‘हूं’ने माझा जीव टांगणीला लागला. मी सगळा कबुलीजबाब दिला. मीच विचारायला पाठवलं, मीच भिंतीवर लावलं, शिक्षा द्यायची तर मला द्या. बाबांचे हात कसे चालतात ते मुलीने करून दाखवलं.

अधिकारी वाईट माणूस नव्हते, पण त्यांना ते पटेना. “बहनजी, बारा साल की बच्ची हाथ देखकर मशीन बना लेगी? ये मैं ऊपर कैसे लिखूं?”

माझी जीभ एवढी लांब, आणि ऐन वेळी तोंडातच राहिली. तेवढ्यात माझं लक्ष फोरमनकडे गेलं. मुलीचं आधीच तिकडे गेलं होतं. आमची बोलणी चालू असताना त्यांनी टेबलावरचा खडूचा तुकडा उचलला होता. दोन बोटांत धरून ते तो सावकाश फिरवत होते, अंगठ्याचं नख कडेवरून नेत होते, आणि मधूनच तो खिडकीकडे धरून एक डोळा मिटत होते. आपण हे करतोय, याचा त्यांना पत्ता नव्हता.

“काढ,” मी मुलीला म्हटलं.

तिने कागद घेतला. नेहमीप्रमाणे आधी बघतच बसली. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिसऱ्यांदा त्यांनी पाहिलं नाही. मग तिची पेन्सिल चालली. फोरमन आले, त्यांची मिशी आली, हात आले. पण हातात खडू नव्हता. खडूच्या जागी एक लहान गोल वस्तू होती, तिच्या कडेला बारीक खाच होती, आणि पलीकडून उजेड येत होता. ती वस्तू काय होती ते मला आजही ठाऊक नाही आणि मी कुणाला विचारलेलंही नाही. माझंही बोट एकदा भाजलं ते पुरे.

फोरमननी चित्र हातात घेतलं. पाहिलं. मग हातातला खडू पाहिला आणि चटका बसल्यासारखा टेबलावर टाकला. दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

“साहब,” ते म्हणाले, “फिर तो मेरा भी पास जमा कर लीजिए। मैंने भी सब बता दिया।”

अधिकारी आधी गंभीर राहिले. मग त्यांच्या मिशीचं टोक हललं. ते हसले तसे मुख्याध्यापिकाही हसल्या, आणि मी मात्र रडायला लागले. मला रागात बोलता येतं, आनंदात रडूच येतं, त्याला इलाज नाही.

दोन दिवसांनी वडिलांना पास परत मिळाला. दोन्ही चित्रं फायलीत राहिली, ती काही परत आली नाहीत. विषय लिहिण्याआधी फळा मुख्याध्यापिकांना दाखवायचा, असा नियम माझ्यापुरता झाला आणि मी तो मुकाट्याने पाळला. लढाई थांबली. काचांवरचे कागद मुलांनी ओरबाडून काढले, वर्गात ऊन आलं.

सगळं पार पडलं, असं मला वाटत होतं. एक दिवस मी त्या मुलीला सहज विचारलं, “बाबा मजेत?”

“मजेत. पण आता हात मांडीखाली घेऊन बसतात. रेडिओ ऐकतानीपण.”

ती अगदी साधेपणाने म्हणाली. नोकरी वाचली म्हणून मी खूश होते, आणि तिकडे एक माणूस आपल्याच घरात, आपल्याच लेकीसमोर हात लपवून बसत होता.

रविवारी सकाळी बाजारात जवळच्या पनागर गावाहून आलेला मटार ढिगाने होता. मी मोठी पिशवी भरून घेतली आणि सायकल त्यांच्या क्वार्टरकडे वळवली. वडील अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून उठले, “या बाई” म्हणाले आणि पुन्हा बसले, तेही हातांवरच. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी पिशवी खाटेवर ओतली आणि म्हटलं, “एवढा मटार मला एकटीला सोलवत नाही. जरा हात लावा.”

“मी?”

“तुम्हीच. आणि तू ग, कागद आण.”

त्यांना कळलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, कारखान्याच्या फाटकाच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच एक हात मांडीखालून निघाला. मग दुसरा. जाडजूड बोटं, भेगांच्या काळ्या रेघा, एका नखावर जुना घाव. त्या बोटांनी शेंग धरली, अंगठ्याने शिवण उकलली, दाणे ताटात पडले. दुसरी शेंग, तिसरी. मुलगी समोर जमिनीवर बसली होती आणि नुसती बघत होती.

पाच-सहा शेंगा झाल्यावर ते थांबले.

“बाई,” त्यांनी आवाज खाली करून विचारलं, “हे कोणी पाह्यलं तर चालते ना जी?”

“चालतं की. भिंतीवर लावा. सगळ्या वसाहतीला दाखवा.”

वडील ताट बाजूला ठेवून उठले आणि लेकीला म्हणाले, “थांब, इथं सावली येऊन राहिली. तुले हात नीट दिसत नसतीन.” आणि खाट ओढून त्यांनी ती उन्हात घेतली.